तिसऱ्या दिवशी ओठ का बसतात? ट्रंपेटचा माउथपीस आणि आपल्या ओठांची ठेवण

तक्रार जुनीच आहे. लग्नसराई लागते. पहिल्या दिवशी ट्रंपेट खणखणीत वाजतं, दुसऱ्या दिवशी रेटून वाजवावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी वरात मांडवाच्या दारात पोचायच्या आत ओठ बसतात. खालचे सूर निघतात, वरचा सा मात्र नुसती हवा होऊन बाहेर पडतो. शेजारचा क्लॅरिनेटवाला तिरक्या नजरेने बघतो. मग कोणीतरी सल्ला देतं, "माउथपीस बदलून बघ." बदलला की पंधरा दिवस झकास, सोळाव्या दिवशी पुन्हा तेच.

मी असे सात माउथपीस जमवले. 'नाचता येईना अंगण वाकडं' हे मला घरात आणि बँडमध्ये, दोन्हीकडे ऐकवून झालं. ते निम्मंच खरं होतं. अंगण खरोखरच वाकडं होतं, पण कुठल्या बाजूला वाकडं आहे ते न बघता मी दर वेळी नवं अंगण विकत घेत होतो.

आधी फुकटात होणारं तपासा

माउथपीस ओठांना मानवतो का, हा प्रश्न नंतरचा. आधी तो वाद्याला मानवतो का ते बघा. ट्रंपेटमध्ये माउथपीसची दांडी, म्हणजे शँक, साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसली पाहिजे. कॉर्नेटचा शँक ट्रंपेटपेक्षा बारीक असतो. जुन्या पथकांमध्ये वाद्यांची इतकी सरमिसळ झालेली असते की कॉर्नेटचा माउथपीस कागद गुंडाळून ट्रंपेटला बसवलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. कागदाने डगडग थांबते, पण हवा गळायची ती गळतेच आणि वरचे सूर बेसूर होतात. वाजवणारा बिचारा ओठांना दोष देतो.

मग मळ. माउथपीसच्या तळाशी जे भोक असतं, त्याला थ्रोट म्हणतात. बाख कंपनीच्या नेहमीच्या माउथपीसमध्ये ते ३.६६ मिमी असतं. एवढ्याशा भोकात चहा, वडापाव आणि तंबाखू यांचा थर बसला तर काय उरणार? कोमट पाणी, साबण, बारीक ब्रश, आठवड्यातून एकदा. उकळतं पाणी नको.

व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, गळतात का हेही बघून घ्या. एकही व्हॉल्व्ह न दाबता पहिली स्लाइड, म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हची सरकती नळी, थोडी बाहेर ओढा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन सेकंद थांबा, मग पहिला व्हॉल्व्ह दाबा. 'टप्प' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह ठीक आहे. आवाजच आला नाही तर तुमचा दम ट्रंपेटमधून गळतोय आणि त्यावर माउथपीसचा उपाय नाही.

आणखी एक. रिमवरचा, म्हणजे ओठांना टेकणाऱ्या गोल काठावरचा, मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलं असेल तर काहींच्या ओठांना खाज सुटते, सूज येते. ही सूज थकव्यासारखीच दिसते. अशा वेळी चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा असलेला माउथपीस घ्या, नाहीतर सरळ प्लास्टिकचा. अमेरिकेत केली नावाची कंपनी पॉलिकार्बोनेटचे माउथपीस बनवते. आवाजाबद्दल लोक नाकं मुरडतात, पण मे महिन्यातल्या दुपारच्या वरातीत पितळी रिम ओठाला किती चटका देते हे ज्याने भोगलंय तो नाक मुरडणार नाही.

कपात राज्य कोणाचं?

हे सगळं ठीक असूनही ओठ बसत असतील तर मुद्द्याला येऊ. ओठांच्या ठेवणीला वादक 'एम्बुशर' म्हणतात. ती सगळ्यांची सारखी नसते, हे सगळे मान्य करतात. पण फरक नेमका कशात आहे ते फारसं कोणी सांगत नाही.

माउथपीसच्या कपात, म्हणजे रिमच्या आतल्या वाटीत, दोन्ही ओठ सहसा समसमान नसतात. एकाचं मांस जास्त आत येतं आणि तोच दुसऱ्यावर कुरघोडी करतो. वरचा ओठ वरचढ असेल तर हवा कपात खालच्या दिशेने जाते. खालचा वरचढ असेल तर वरच्या दिशेने. फिलाडेल्फियातले ट्रॉम्बोनवादक आणि शिक्षक डोनाल्ड राइनहार्ट यांनी विसाव्या शतकात यावरून वादकांचे प्रकार पाडले. त्यांची संपूर्ण वर्गवारी किचकट आहे, पण आपल्या कामापुरते तीन प्रकार पुरतात: माउथपीस बराच वर ठेवणारे, मध्यापेक्षा थोडा वर ठेवणारे आणि खाली ठेवणारे. पहिल्या दोघांची हवा खाली जाते, तिसऱ्याची वर.

शिकागोचे प्रसिद्ध हॉर्नवादक फिलिप फार्कस आधी असं मानत की हवा सरळ भोकात गेली पाहिजे. १९७० मध्ये त्यांनी ४० नामवंत हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांची हवा खाली जाताना दिसली. जुनं मत त्यांनी स्वतःच खोडलं. असा शिक्षक मिळायला भाग्य लागतं.

आमच्या मास्तरांचा दंडक होता, वरचा ओठ दोन वाटे, खालचा एक वाटा. त्यांच्या ओठांना ते शोभत होतं. माझा माउथपीस मात्र पोरवयापासून आपोआप खाली सरकायचा. "वर घे, वर घे" म्हणत त्यांनी तो चढवला आणि मी पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्या ओठांनी वाजवत राहिलो. नंतर कळलं की १८६४ मध्ये कॉर्नेटची शिक्षणपद्धती लिहिणारे फ्रेंच वादक आर्बां नेमकं उलट सांगतात, वरचा एक वाटा, खालचा दोन. त्याच काळातले सेंट-जॅकोम पुन्हा आमच्या मास्तरांच्या बाजूचे. दोघेही पट्टीचे वादक. प्रत्येकाने आपापल्या आरशात बघून नियम लिहिला, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचा प्रकार ओळखायला पारदर्शक प्लास्टिकचा माउथपीस सर्वांत सोपा. तो ट्रंपेटला लावून मधला सूर धरा आणि कोणाला तरी मोबाइलवर अगदी जवळून, बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. खालपासून वरपर्यंत सावकाश चढा. कोणता ओठ कपात जास्त आहे ते दिसेल. पारदर्शक माउथपीस नसेल तर वाजवता वाजवता थांबा, माउथपीस अलगद काढा आणि ओठावरच्या वळाचा लगेच फोटो घ्या. नुसते ओठ फुरफुरवून ठरवू नका. माउथपीसशिवाय ओठ वेगळेच वागतात, माझे तर साफ उलटे वागतात.

वळ बरोबर अर्धा-अर्धा आला तर? माझ्या पाहण्यात अशांनाच सर्वांत जास्त त्रास होतो, कारण दोन्ही ओठ राज्य मागतात. आवाज फाटतो, एका सुरात दोन सूर ऐकू येतात. तिथे माउथपीस बदलण्याआधी तो थोडा वर किंवा थोडा खाली ठेवून आठवडाभर बघा. ज्या बाजूला वरचे सूर कमी जोर लावून येतील ती बाजू तुमची.

तिसराच दिवस का?

आता मूळ प्रश्न. दोन दिवस वाजवलं की ओठ सुजतात. आरशात दिसेल इतके नाही, पण कपात जाणवतील इतके. सुजलेला ओठ कपात आणखी आत जातो. कप उथळ असेल तर ओठ त्याच्या तळाला टेकतो आणि थरथरायचा थांबतो. वरच्या सुराला सूर न येता 'फुस्स' होतं ते यामुळे. पहिल्या दिवशी तोच माउथपीस उत्तम वाजतो, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. मांसल ओठांचे वादक चमकदार आवाजासाठी उथळ कप घेतात आणि हमखास इथेच अडकतात. त्यांना कप एक पायरी खोल किंवा व्यास थोडा मोठा हवा.

याच्या उलट दुसरी जात. ओठ पातळ, माउथपीस मोठा. इथे फुस्स होत नाही. अर्ध्या तासाने आवाज पसरतो, त्यात हवा मिसळते, मग एकेक सूर वरून गळायला लागतो. मोठ्या कपात ओठांचा मोठा भाग धरून ठेवायचा तर स्नायूंना जास्त काम पडतं. रोज तीन-चार तास रियाज करणाऱ्याला ते झेपतं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी वरात वाजवणाऱ्याला नाही झेपत. तो मग माउथपीस ओठांवर दाबतो. दाबला की वरचा सूर येतो खरा, पण रक्त थांबतं आणि पुढच्या गाण्याला ओठ बधिर.

दाबण्यावरून आठवलं. वरातीत एका हाताने ट्रंपेट धरायचं, करंगळी वरच्या आकड्यात अडकवायची आणि दुसऱ्या हाताने घाम पुसायचा किंवा गर्दी बाजूला सारायची, ही आपली सगळ्यांची सवय. करंगळी आकड्यात गेली की ती ट्रंपेट ओठांकडे ओढते. त्यात रस्त्यात खड्डे, मागून धक्का. दातावर रिम आपटते ती वेगळीच. महिनाभर करंगळी आकड्याबाहेर ठेवून वाजवा. माझ्या ओळखीच्या तिघांची 'माउथपीसची तक्रार' एवढ्यावर मिटली.

वळ काय सांगतो ते असं. वरच्या ओठावरच खोल लाल कडं आणि ते अर्ध्या तासानेही जात नसेल तर दाब जास्त आहे, किंवा रिम अरुंद आणि धारदार आहे. कडं दोन्ही ओठांवर सारखं आणि फिकट असेल तर रिमला हात लावू नका, तुमचा घोटाळा कपाच्या खोलीत शोधा. कड्याची एकच बाजू गडद असेल तर तिथला दात थोडा पुढे आहे. मग गोलसर, जरा रुंद रिम. दातांना तारा लावलेल्या मुलांनाही तेच.

ओठ अचानक बधिर झाला, आत खड्डा लागतोय, महिनोन्महिने सूर परत येत नाही, असं असेल तर डॉक्टर गाठा. ओठाभोवतीच्या गोल स्नायूला फाट पडते, त्याला वैद्यकात 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. सॅचमो म्हणजे अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग, ज्यांच्या ओठांनी आयुष्यभर हाल सोसले. आपल्याकडे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना हिंदुस्तानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईत त्यांनी जॅझ गाजवला, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचं ट्रंपेट आहे. तो आवाज ऐकून आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ट्रंपेट हातात घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात ओठ फोडून घेतले.

आकडे आणि अहंकार

व्हिन्सेंट बाख हा मूळचा ऑस्ट्रियाचा, शिकलेला इंजिनियर, पेशाने ट्रंपेटवादक. त्याचा लाडका माउथपीस एका दुरुस्तीवाल्याने बिघडवला, तेव्हा त्याने स्वतः लेथ घेतला आणि १९१८ मध्ये माउथपीस बनवायला लागला. दुकानात तुम्ही "सेव्हन सी आहे का?" असं विचारता ती भाषा त्याची.

बाखमध्ये आकडा लहान म्हणजे व्यास मोठा. अक्षर पुढचं म्हणजे कप उथळ, म्हणून ए सर्वांत खोल आणि ई उथळ. शिल्के आणि यामाहा या कंपन्यांत सगळं उलटं. आकडा मोठा म्हणजे व्यास मोठा, ए उथळ आणि ई खोल. त्यापुढचा आकडा रिमचा, जितका मोठा तितकी रिम सपाट. हे न कळल्यामुळे मी एकदा उथळ समजून खोल माउथपीस मागवला होता. सातातला तो तिसरा.

आता गंमत बघा. बाखच्या यादीत ३सीचा व्यास १६.३० मिमी, ५सीचा १६.२५ आणि ७सीचा १६.२०. म्हणजे ३सी आणि ७सीत फरक ०.१ मिमीचा, वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा. तरी ओठांवर दोन्ही अगदी वेगळे लागतात. कारण व्यास नव्हे, रिम. ७सीची आतली कड बोचरी आहे. त्याने सुराची सुरुवात स्वच्छ होते, पण लांबच्या वरातीत ती चावते. ३सीची कड गोल आहे. म्हणून "सात चावतो, तीन घे" हा सल्ला बरेचदा लागू पडतो. लोक मात्र त्याचा अर्थ 'मोठा घेतला म्हणून बरं वाटलं' असा लावतात आणि तिथून दीड सीवर उडी मारतात. तो १७ मिमीचा. तिथे मेले.

यामाहाचा ११बी४ आणि बाखचा ७सी एकच, असंही सर्रास सांगतात. यामाहा त्याचा व्यास १६.४६ देते. प्रत्येक कंपनी व्यास वेगळ्या खोलीवर मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. ओठ लावून बघा.

मोठा माउथपीस म्हणजे मोठा वादक, हा एक समज आपल्याकडे घट्ट बसलाय. मी शेवटी बाखच्या १०½सीवर आलो, त्याला पथकात "पोरांचा माउथपीस" म्हणतात. माझी ठेवण खाली, ओठ पातळ, रोजचा रियाज तासाभराचा. मला तो बसतो. माझ्या शेजारी वाजवणाऱ्याचे ओठ माझ्या दुप्पट जाड, माउथपीस भरपूर वर. तो १०½सी त्याने एकदा लावून बघितला, वरचा सूर बंदच झाला. त्याला दीड सी शोभतो आणि तो चार तास वाजवतो. आम्ही एकमेकांना माउथपीसबद्दल सल्ला देणं सोडून दिलंय.

लावून बघायचा कसा

नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते, मग तेल पाजलं की पायाच्या मापाची होते. पितळ तसं होत नाही. माउथपीस कधीच तुमच्या मापाचा होत नाही, ओठच त्याला शरण जातात आणि जिथे जमत नाही तिथे सुजतात. म्हणून "वापरून वापरून बसेल" या आशेवर धारदार रिम घेऊ नका.

दुकानातली दहा मिनिटं फसवी असतात. नव्या माउथपीसवर ताण वेगळ्या जागी पडतो, थकलेल्या जागेला विसावा मिळतो आणि वाटतं, सापडला! पंधरा दिवसांनी नवी जागाही थकते. तो 'सोळावा दिवस' हाच. यावर मी करतो ते असं: आधी जुन्या माउथपीसवर तासभर वाजवून ओठ दमवायचे, मग नवा लावायचा. दमलेल्या ओठांवर जो बरा वाजतो, तोच खरा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रिम आणि आतला व्यास. ते जमेपर्यंत कपाची खोली आहे तीच ठेवा. मग खोली: वरचे सूर चढे आणि आवाज किरटा असेल तर कप थोडा खोल, वरचे सूर उतरे आणि आवाज भसाडा असेल तर थोडा उथळ. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप लावून खालचा, मधला आणि वरचा सा तपासा. आवाज कसा लागतो ते स्वतःच्या कानांवर सोडू नका, वाजवताना आपल्याला तो हाडांतून ऐकू येतो. दहा पावलांवर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा, नाहीतर मित्राला पाठमोरा उभा करून कोणता माउथपीस लावलाय ते न सांगता वाजवा.

थ्रोट आणि त्यामागची नळी, म्हणजे बॅकबोअर, यांच्या नादी शक्यतो लागू नका. थ्रोट मोठा केला की आवाज मोठा होतो म्हणून ड्रिल फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. माझ्या सातातला पाचवा असाच गेला, आता तो टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवतो.

आणि हे सगळं ऐन सराईत करू नका. सराईत ओठ बसलेच तर दोन गाणी खालच्या सप्तकात घ्या, वरची बाजू दुसऱ्या ट्रंपेटला द्या, मध्ये मिळतील ती पाच मिनिटं ट्रंपेट खाली ठेवा. रात्री ओठांना साधं व्हॅसलिन किंवा तूप. दुसऱ्या दिवशी सकाळी हळू, खालचे लांब सूर दहा मिनिटं, म्हणजे सूज उतरते. माउथपीस बदलायचा तो आषाढी एकादशी झाल्यावर. मुहूर्त संपलेले असतात, गणपतीला अजून वेळ असतो आणि दीड-दोन महिने घरच्यांशिवाय कोणी ऐकत नाही.